अकरा नंबरचं घर

धाराशिव,
९ डिसेंबर २०२४

चि. श्रावस्ती हिस,

जयभीम. कॉलेजात चार वर्षं तू रोज सकाळी मला हे म्हणायचीस आणि मी नुसती मान हलवायचो. म्हणून आज आधी मी म्हणतो.

तू मुरुमला शाळेवर शिकवतेस हे तुझा भाऊ बुद्धघोष दाखल्यासाठी कॉलेजात आला तेव्हा कळलं. पत्ता त्यानंच दिला, पण देताना जरा घुटमळला. तुझ्या वडिलांचे, तात्यारावांचे गुडघे आता कसे आहेत? माझा त्यांना नमस्कार सांग. सांगावासा वाटला तरच सांग.

गेल्या मंगळवारी सकाळी पूजा उरकून मी पहिल्या एसटीनं बेंबळीला गेलो, थोरल्या भावाच्या घरी. गौरावहिनी चुलीपुढं होती. दादा जेवून रानात गेला. मग मी जेवलो, हात धुतले आणि नेहमीसारखा ओसरीवर न जाता पुन्हा चुलीपाशी येऊन बसलो.

"काय पायजे, भावजी?"

"काही नाही. तुम्ही जेवून घ्या."

"म्या जेवते की मागनं. तुमी व्हा भाईर."

"बसतो इथंच."

"बसून काय करनार? माझे घास मोजनार व्हय?" असं म्हणून ती हसली. मग मी उठत नाही हे तिला कळलं. तिनं भांडी घासली, पीठ चाळलं, आत आलेली कोंबडी हाकलली, पुन्हा तीच भांडी विसळली. शेवटी एक भाकरी आणि लसणाची चटणी ताटलीत घेऊन माझ्याकडं पाठ करून बसली. वरणाचं पातेलं रिकामं होतं. तळाचं वरण मीच दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं.

पस्तीस-चाळीस वर्षं मी त्या घरात जेवतो आहे. तिचं ताट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तू मात्र ते सात वर्षांपूर्वी पाहून, तोलून, लिहून ठेवलं होतंस.

तुला हे सगळं ठाऊकच आहे, तरी मला एकदा माझ्या हातानं लिहू दे. आपला अभ्यास होता की ज्वारी-उडदाची मिसळीची रानं जाऊन सगळीकडं सोयाबीन आल्यावर घरातलं खाणं सुधारलं का. मी घरटी किती डाळ येते ते कर्त्या पुरुषांना विचारून घेतलं आणि घरातल्या माणसांनी भागलं. आकडा चांगला आला. लेख छापून आला, त्याच्या आधारानं शासनाचा एक अहवालही निघाला. तू म्हणालीस, "सर, डाळ अशी भागून वाढत नाहीत." आणि वजनकाटा घेऊन अठरा घरांच्या चुलीपाशी जाऊन बसलीस, एकेका घरी तीन-तीन दिवस. पुरुष, मग मुलं, मग सासू, आणि सगळ्यांच्या मागून सून. तू प्रत्येक ताट वेगळं तोललंस. त्यातल्याच एका घरची कस्तुराबाई तुला म्हणाली होती ना, "सोनं तोलायला आलीस का गं बाई? हितं तर नुसतं पिठलं हाय." ते तू टिपणवहीत लिहिलंस आणि मी लाल पेनानं खोडलं. असली वाक्यं प्रबंधात शोभत नाहीत, असं शेजारी लिहिलं.

पूर्वी बायका ज्वारीच्या रानात कडेच्या ओळींत मूठभर चवळी, अंबाडी, मूग टाकायच्या. खुरपताना खुडायच्या, ओच्यात घालून आणायच्या. ते कधी बाजारात गेलं नाही, म्हणून माझ्या कुठल्याच तक्त्यात आलं नाही. तणनाशक मारलेल्या रानात ते उगवायचं बंद झालं. विकतची डाळ घरात आली, पण ती चुलीपासून शेवटच्या ताटापर्यंत पोचली नाही. एवढंच तुझं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं.

तुझ्या प्रबंधाच्या २०१८च्या त्या बैठकीत समितीतले एक जण हसून म्हणाले, "चुलीपाशी बसून पीएचडी मिळायला लागली का आता?" सगळे हसले. मीही हसलो. तरी तुझे आकडे कोणाला खोडता येईनात. तेव्हा मी उठून म्हणालो, "यातलं अकरा नंबरचं घर माझ्या सख्ख्या भावाचं आहे. मी त्या घरात वाढलो. तिथं रोज वरण असतं."

तू शांतपणे म्हणालीस, "असतं, सर. वाटी कुणाची, तेवढंच मी लिहिलंय."

मी खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा, म्हणून माझा शब्द खरा धरला गेला. एक घर चुकीचं, म्हणून अठराही घरं रद्द झाली.

तू समजली असशील की बढतीसाठी मी हे केलं. माझाही बरीच वर्षं तोच समज होता, कारण तो त्यातल्या त्यात बरा होता. पण त्या दिवशी तुझा तक्ता हातात असताना मला आठवत होतं ते वेगळंच. आमची आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि वहिनी नुकतीच लग्न होऊन आलेली, स्वतःच सतरा वर्षांची. शाळेतून आलो की ती म्हणायची, "खावा भावजी, माझं झालंय." मी कधी विचारलं नाही की कधी झालं. तुझा तक्ता खरा मानला असता तर मला तिच्यासमोर जाऊन उभं राहावं लागलं असतं. त्यापेक्षा तुला खोटं ठरवणं सोपं होतं.

दिवाळीच्या आधी ती सोयाबीन काढताना रानात पडली. सोलापूरला नेलं. रक्त साडेपाच निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, काय काय खाता रोज?" वहिनी म्हणाली, "समदं खाते की. दूध, डाळ, भाजी. घरात काय कमी हाय?" मी शेजारी उभा होतो. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि मी, कृषी अर्थशास्त्राचा प्राध्यापक, होय म्हणून मान हलवली. ती ऐकत होती, तिला कमीपणा वाटला असता, असं मनाशी म्हटलं. बाहेर आल्यावर त्या बाई म्हणाल्या की हे एक-दोन वर्षांचं नाही. हृदयावर परिणाम झाला आहे, आता भरून निघेल असं नाही.

आता जे लिहायचं टाळत आलो ते लिहितो. बैठकीनंतर तू दुसऱ्या मार्गदर्शकाकडं जायला निघालीस आणि तुझे वजनाचे मूळ तक्ते मागितलेस. मी सांगितलं, कार्यालयात सापडत नाहीत, बहुधा रद्दीत गेले. तू तीनदा आलीस. तिसऱ्यांदा आलीस तेव्हा पाऊस होता आणि तू आत आली नाहीस, दारातूनच विचारलंस. मी तीनही वेळा तेच सांगितलं.

ते हरवले नव्हते. माझ्या घरी होते, देवघराच्या खालच्या कप्प्यात. जाळायचं धाडस झालं नाही, द्यायचंही झालं नाही. सहा वर्षं रोज सकाळी मी वर फूल वाहिलं, दिवा लावला, हात जोडले, आणि खालचं दार उघडलं नाही. देवाला सगळं दिसतं असं मी मानतो. तरी रोज पुढ्यात बसायचो. हे कसं जमलं, मला सांगता येणार नाही.

शनिवारी वर्गात मी माझाच लेख फळ्यावर मांडला आणि तो कुठं चुकला ते दाखवलं. तुझं नाव घेऊन सांगितलं की ही चूक श्रावस्तीनं दाखवली होती आणि मी ती दडपली. मग सृष्टी नावाची मुलगी उठली. "सर, मग परीक्षेत काय लिहायचं? पुस्तकात तर जुनंच आहे." मागच्या बाकावर कुणीतरी म्हणालं, "दोन्ही लिही, कशाला तरी मार्क पडतील." वर्ग हसला. त्यांचा दोष नाही.

त्याआधी शुक्रवारीच मी संपादकांना लेख मागं घेत असल्याचं कळवलं. विद्यापीठाला लेखी दिलं की बैठकीतला माझा आक्षेप खोटा होता आणि तक्ते जाणूनबुजून लपवले होते. विभागप्रमुखपद सोडलं. चौकशी होईल, व्हायलाच हवी. तुझी पीएचडीची नोंदणी पुन्हा सुरू होईल का, हेही विचारलं. तिथले लिपिक म्हणाले, "मुदत संपली की फाईल बंद, सर. आता कुलगुरूंनी मनावर घेतलं तरच." मी अर्ज दिला आहे, पण तुला खोटी आशा दाखवायची नाही. गेलेली सहा वर्षं माझ्या कुठल्याच अर्जानं परत येणार नाहीत.

वहिनीला यातलं काही सांगितलं नाही. तिला वाटेल, तिच्यामुळं माझी अब्रू गेली, आणि ती माझीच समजूत घालायला लागेल.

मी तुझी क्षमा मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढंही ओझं आता तुझ्यावर नको. या पत्राचं उत्तर आलं नाही तरी मला ते समजेल.

आज सकाळी खालचा कप्पा उघडला. कागद मोजले, अठरा घरांचे चौपन्न तक्ते, एकही कमी नाही. जुन्या धोतराच्या कापडात बांधून दुपारी इथल्या मोठ्या पोस्टातून तुझ्या नावानं रजिस्टर करून पाठवले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "आत काय आहे?" मी म्हणालो, "ज्यांना पाठवतोय, त्यांचंच आहे." त्यांचं नीट समाधान झालं नाही, पण शिक्का मारला. मी स्वतःसाठी झेरॉक्स काढून ठेवलेली नाही. ते छापायचे, कुणाला दाखवायचे की तसेच ठेवायचे, हे आता तुझ्या हातात आहे. माझं नाव कुठंही घालू नकोस, आणि घालायचं झालं तर मी काय केलं त्यासकट घाल.

मार्गदर्शक म्हणून सही करण्याचा हक्क राहिला नाही,

रामकिसन