तुझं भाषण मी वाचलं

प्रिय संपादक,

फोन सोडून पत्र लिहायला बसले आहे, याचं कारण तुला सांगायला नको. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "ताई, मुद्द्यावर ये" म्हणतोस, आणि मी मुद्द्यापाशी पोहोचते तोवर तुझा पुढचा मुद्दा सुरू झालेला असतो. पत्राला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा आज मी बोलणार आणि तू ऐकणार. इयत्ता तिसरीत घरातल्या प्रत्येक चिठ्ठीचं शुद्धलेखन सुधारून तू हे टोपणनाव कमावलंस, म्हणून सांगते, यातल्या चुका खुशाल काढ, पण शेवटपर्यंत वाचून झाल्यावर.

वाचनालयातल्या त्या वादविवादाला महिना होत आला. "कोण जिंकलं?" एवढंच तू विचारलंस आणि "यायचं होतंस, म्हणजे कळलं असतं" म्हणून मी फोन ठेवून दिला. रागच तसा आला होता. आरोग्य विमा योजना यशस्वी होते आहे का, हा विषय. बाजूने मी, विरोधात तू. ग्रंथपालबाईंनी 'बहीण विरुद्ध भाऊ' असं मोठ्या अक्षरांत छापून अर्धं गाव गोळा केलं होतं. निम्मे लोक योजनेसाठी आले नव्हतेच, आपलं भांडण बघायला आले होते. आणि तू आदल्या दिवशी फोन करून काय विचारलंस, तर सभागृह कितव्या मजल्यावर, लिफ्ट चालू आहे का. मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद पडून किती काळ झाला ते लिफ्टलाही आठवत नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा निरोप: कामात अडकलोय, भाषण पाठवतोय, कुणाकडून तरी वाचून घ्या.

बाबा मात्र आले. जन्मभर बस चालवलेला माणूस, खुबा झिजल्यापासून खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नुसत्या आवाजावरून त्यांची दुखणी सांगत बसायचा. नव्या खुब्यानिशी त्या दिवशी ते दोन्ही मजले काठीशिवाय चढले. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबले, ते दम लागला म्हणून नव्हे, मागून येणाऱ्यांनी नीट बघावं म्हणून. सभागृहात शिरताना त्यांच्या चेहऱ्यावर असा काही थाट होता की लोकांनी उठून उभं राहायचं तेवढं बाकी होतं.

तुझ्या बाजूचा दुसरा वक्ता म्हणजे आपला दातांचा डॉक्टर. त्याने तुझं भाषण चाळलं आणि म्हणाला, "हे मला पेलणार नाही." ग्रंथपालबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, आणा इकडे. खोटं कशाला बोलू, एखादा परिच्छेद गिळून टाकावा असं क्षणभर वाटलं होतं. पण तोंडातून पहिलं वाक्य गेलं आणि मग थांबताच येईना. नोंदणीच्या खिडकीपाशी ताटकळणारी म्हातारी माणसं, "खाट शिल्लक नाही" म्हणून योजनेच्या रोग्याला परत पाठवणारी खासगी रुग्णालयं, सगळं तू लिहिलंस तसं, जिथे आवाज चढायला हवा तिथे चढवून वाचलं. आणि मग ते आलं. "माझे वडील आज चालतात," तू लिहिलं होतंस, "कारण त्यांची मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. योजनेने त्यांना नवा खुबा दिला, पण त्यावर उभं राहायला शिकवणं योजनेत बसत नाही. ज्यांच्या घरात अशी मुलगी नाही, त्यांनी काय करायचं?" बाबांच्या समोर उभी राहून मी हे वाचत होते. ते खाली मान घालून गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. एवढ्या टाळ्या पुढे मला मिळाल्या नाहीत, हेही लिहून टाकते. तुला ते वाचायला आवडेल.

आता माझी पाळी. मी तयार करून आणलेलं भाषण तुझ्या भाषणापुढे अगदी मिळमिळीत वाटायला लागलं, तेव्हा ते मी पर्समध्येच राहू दिलं. म्हटलं, माझा भाऊ म्हणतो ते खरं आहे. माझ्या विभागातून मी रोज अशी माणसं परत पाठवते, आणि पाठवताना त्यांच्याकडे बघायचं टाळते. पण त्याने जे बघितलेलं नाही तेही ऐका. पूर्वी आमच्या रुग्णालयात गिलावा करणारे गवंडी यायचे ते खांदा पार आखडून गेल्यावर, केससुद्धा दुसऱ्याने विंचरायची वेळ आल्यावर. आता दुखायला लागलं की येतात, कामावर जायच्या आधी, थापी सोबत घेऊन. रांगा लांबल्या ही तक्रार अगदी रास्त आहे. पण ही माणसं आधीही होतीच की! घरात विव्हळत होती, म्हणून रांग दिसत नव्हती. आज ती दिसते, मोजता येते, तिच्यावर भांडता येतं. ज्या गोष्टीवर भांडता येतं ती सुधारता येते. भांडायला माझा भाऊ समर्थ आहे, हे तुम्ही आत्ताच ऐकलंत.

मग जो गदारोळ झाला तो तू चुकवलास, याचं मला आजही वाईट वाटतं. भांड्यांचा दुकानदार उठून ओरडला, "दर महिन्याला माझ्या कमाईतून योजनेचा हप्ता कापून घेतात आणि मी एकदाही आजारी पडलो नाही! माझे पैसे फुकटच जातात की!" मागून एक आजी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "असेच फुकट जाऊ देत रे बाळा, शंभर वर्षं!" सगळं सभागृह हसलं, दुकानदारही. मतदानाच्या वेळी बाबांनी तर कहरच केला. योजना यशस्वी होतेय म्हणणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर त्यांनी उजवा केला, नाही म्हणणाऱ्यांच्या वेळी डावा. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "काका, एकालाच मत देता येतं." तर म्हणाले, "पोरं दोन आहेत बाई, हातही दोनच दिलेत देवाने."

बाजूने हात पुष्कळ जास्त होते. म्हणजे जिंकले मी. पण त्यावर त्या दुकानदारानेच सुचवलं की ऑपरेशननंतरचे व्यायाम योजनेत हवेत का, हे वेगळं विचारा, आणि त्याला एकूण एक हात वर गेला. दातांच्या डॉक्टरचा, आजींचा, माझा. शेवटच्या रांगेत आरोग्य खात्यातल्या एक बाई बसल्या होत्या. सभा संपल्यावर त्यांनी तुझं भाषण मागून घेतलं. म्हणाल्या, हा प्रस्ताव आमच्याकडे कधीपासून पडून आहे, त्याला असा आवाज हवाच होता. मी मनात म्हटलं, बोलायला काय जातं!

तर बातमी ऐक. आज सकाळी रुग्णालयात हुकूम आला. ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी योजनेत, रोगी स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत, आणि एकट्या आमच्याकडे नाही, सगळीकडे. खात्यातल्या बाईंचा फोनही आला; प्रस्तावाला त्यांनी तुझं भाषण जोडलं होतं आणि बैठकीत ते मोठ्याने वाचलं गेलं. अरे, आम्ही विभागात अक्षरशः नाचलो! माझ्या प्रमुखबाई, ज्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही, त्या व्यायामाच्या मोठ्या चेंडूवर बसून उड्या मारत होत्या. मग आम्ही एकेकाला फोन लावत सुटलो. धोब्याची बायको दुपारीच आली, खांद्याच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम अर्ध्यावर सोडावे लागलेली. तिने हात खांद्यापर्यंत उचलला आणि तो तसाच वर धरून माझ्याकडे बघत राहिली. संपादक, तू एवढा सडकून विरोध केलास म्हणून ही योजना आज कालच्यापेक्षा चांगली आहे. मीही बरोबर होते आणि तूही. असा विजय आपल्या घरात पहिलाच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. तुझ्या बायकोचा परवा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस, ती रडत होती. तुझ्या हृदयाची झडप खराब झालीय, चार पायऱ्या चढलास की धाप लागते, ऑपरेशनला तुझा नंबर लागला होता आणि तू तो सोडून दिलास, हे सगळं मला कळलं आहे. का सोडलास, तर ज्या योजनेवर टीका करतो तिचीच खाट कशी अडवू! वेड्या, ती खाट स्तुती करणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली नाही. टीका करणाऱ्याचीही ती तेवढीच आहे, आणि हेच त्या योजनेचं यश. आईने दुखणं शेवटपर्यंत लपवलं, कारण ते सांगितलं असतं तर आपलं घर विकावं लागलं असतं. तिचा नाइलाज होता. तुझा नाही. तुझ्या बायकोने नंबर पुन्हा लावला आहे, तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. मी रजा टाकली आहे. शनिवारी सकाळी मी आणि बाबा तुझ्या दारात उभे असू. बॅग भरून ठेव. वाद घालायला नंतर उभं आयुष्य पडलंय. ते घालायला तू हवास.

तुझीच, जिंकलेली आणि तरीही जीव टांगणीला लागलेली,
ताई