सतरा नंबरचं पांढरंशुभ्र पोट

३ तारीख, सोमवार
हॉस्पिटलात लठ्ठ बायकांच्या पोटातली चरबी एमआरआयने मोजणार आहेत, संशोधनासाठी. मी नाव दिलं. लठ्ठ म्हणून नव्हे. माझी हाडं जड आहेत, हे वन्संना एकदा पुराव्यानिशी दाखवायचंय. रोज पहाटे साडेपाचला चालायला चला म्हणून डोकं खातात. आज पैज लावली. चरबी निघाली तर वर्षभर त्यांच्याबरोबर चालायचं. नाही निघाली तर हा विषय कायमचा बंद. हे साक्षीदार. म्हणजे पेपर वाचत होते.

५ तारीख, बुधवार
संकल्प : स्कॅनपर्यंत गोड बंद.
दुपारी ४. चहाबरोबरचं बिस्किट गोडात धरत नाहीत. सहाही नाहीत.

१० तारीख, सोमवार
स्कॅन. माझा नंबर सतरा. अंगठी निघेना. टेक्निशियनबाईंनी साबण लावून ओढली. हवेने बोटं सुजलीत. आत दोन्ही कोपरं मशीनला टेकली. हल्ली मशीनसुद्धा अरुंद बनवतात.
श्वास सोडा, रोखा, असं आतून ऐकू आलं. मी श्वासाबरोबर पोटही ओढून धरलं. बाई म्हणाल्या, पोट ओढू नका, आम्हाला आतलं मोजायचंय. मला काय त्या फसवणार!
निघताना स्क्रीनवर नजर टाकली. माझं पोट, आडवं कापल्यासारखं. सगळं पांढरंशुभ्र! मधोमध थोडं काळं, तेवढीच काय ती चरबी. जीव भांड्यात पडला. शेजारी सोळा नंबरचं चित्र होतं. केवढं काळं! बिचारी.

१४ तारीख, शुक्रवार
डॉक्टरीणबाईंचा फोन. माझं चित्र नमुना म्हणून पोस्टरवर घ्यायचंय, चालेल का? नाव येणार नाही, फक्त नंबर. मी म्हटलं, नाव घाला की! नियमात बसत नाही म्हणे. मग मीच वन्संना, जावेला, शिवणाच्या क्लासला आणि लिफ्टमधल्या एका अनोळखी बाईंना सांगितलं, सतरा नंबर मीच. वन्सं म्हणाल्या, आपण बघायला जाऊ. खुशाल चला म्हटलं.
केक आणला. पैज जिंकल्यावर कसला संकल्प!

२२ तारीख, शनिवार
मी, वन्सं, जाऊ आणि शिवणाच्या क्लासमधल्या अकरा जणी. हॉस्पिटलच्या भिंतीवर पोस्टर. सोळा नंबरखाली लिहिलंय, चरबी कमी. सतराखाली, चरबी फार जास्त. तळाशी एक ओळ : पांढरा दिसतो तो भाग चरबीचा.
छपाईची चूक असेल, असं मी म्हणून पाहिलं. कुणी हसलं नाही, त्याचंच जास्त रडू आलं. पोस्टरवर माझं नाव खरंच कुठे नव्हतं. मी बोलले नसते तर कुणाच्या बापालाही कळलं नसतं.
वन्सं एका शब्दाने टोचून बोलल्या नाहीत. हाताला धरून घरी आणलं. दारात फक्त बुटाचा नंबर विचारला.
सहा सांगितला. लागतो सात.