ज्या हॉटेलात तुझा जन्म झाला

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे तुझी आई एका डोळ्याने खुशाल आहे आणि मी त्या एका डोळ्याच्या धाकात खुशाल आहे. तुझी तब्येत विचारत नाही, कारण उत्तर मला पाठ झालंय. दवाखान्यातून घरी आल्यापासून तू 'मी बरी आहे, बाबा' एवढं म्हणतेस आणि फोन जावईबापूंच्या हातात देतेस. ते बिचारे काय बोलणार? ते मला तिकडचं हवामान सांगतात. मागे एकदा तुमच्याकडे दुपारनंतर ढग येणार हे मी इथे शेजाऱ्यांना सांगून बसलो. त्यांनी उगाच वाळत घातलेले कपडे आत घेतले.

तर आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. तपासणीसाठी दोन-तीन दिवस शहरातच राहा, असं डॉक्टर म्हणाले, आणि जावईबापूंनी तिकडे तुमच्या घरी बसल्या बसल्या आमच्यासाठी हॉटेलची खोली ठरवून टाकली. 'जुन्या ऐतिहासिक वास्तूत थाटलेलं आहे, आईंना आवडेल,' म्हणाले. खरं सांगू, ऐतिहासिक म्हटल्यावर मी जरा कचरलोच होतो. इतिहास असला की नळाला गरम पाणी नसतं, असा माझा आजवरचा अनुभव. (हा अनुभव चुकला. पाणी इतकं गरम होतं की मी अंघोळ करता करता न्हाणीघराबाहेर आलो. न्हाणीघराला भिंत नसून काच आहे, हे मला तेव्हाच कळलं. आईने सुदैवाने पट्टीवाला डोळा माझ्याकडे केला होता.)

पण मी पुढे पळालो. आधी जिना आला. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा, माझ्या दंडाला धरलेलं, अशा थाटात तुझी आई जिना चढत होती. वळणावर आली आणि थांबली. मला वाटलं, दम लागला. तिने कठडा हाताने चाचपला, पुन्हा एकदा चाचपला आणि म्हणाली, "अहो, हे आपलं प्रसूतिगृह आहे."

भूल अजून उतरली नसेल, अशी मी माझी समजूत घातली. भिंतींना मंद पिवळा रंग, कोपऱ्यात माणसाएवढ्या कुंड्या, कुठूनतरी बासरी चालू. आपल्या प्रसूतिगृहात बासरी कधी ऐकू आली नव्हती, काय ऐकू यायचं ते तुला सांगायला नको. पण ती ठाम होती. म्हणाली, या कठड्याला धरून मी दोनदा वर गेले आहे, माझ्या हाताला कळतं. (तू म्हणशील, दोनदा कसं? त्या 'दोनदा'वर मी येणार आहे. हे पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलंय. पण थोडा दम धर, मला एकदम तिथे जाता येत नाही.)

स्वागतकक्षातल्या मुलीला विचारलं. तिने गोड हसून माहितीपत्रक दिलं. त्यात लिहिलं होतं की ही वास्तू मुळात एका व्यापाऱ्याचा वाडा होती, 'पुढे काही काळ येथे एक सेवाभावी संस्था होती' आणि 'पिढ्यान्‌पिढ्या या भिंतींच्या आड लोक निवांत विसावले.' आईने हे माझ्याकडून वाचून घेतलं आणि त्या मुलीला म्हणाली, निवांत कोणी विसावलं असेल तर ते बाहेर बाकावर बसलेले नवरे. ती मुलगी पुन्हा गोड हसली. तिला तसंच शिकवलं असावं.

मग मात्र आम्हाला जिकडे तिकडे खुणा दिसायला लागल्या. बाळं जोखायचा पितळी तराजू स्वागतकक्षातच ठेवलाय. त्याच्या झोळीत आता सफरचंदं असतात, पाहुण्यांनी हवी तेवढी घ्यावीत म्हणून. मी एक उचललं, तर आईने ते माझ्या हातातून काढून परत ठेवलं. 'यात पोरगी ठेवली होती आपली,' म्हणाली, जणू मी तूच उचलून खाणार होतो. नाश्ता देतात ती जागा म्हणजे बाळंतपणाची खोली. तिथला भलामोठा दिवा त्यांनी हौसेने तसाच ठेवलाय, झुंबर म्हणून. त्याच्याखालच्या टेबलावर बसायला आई काही केल्या तयार होईना. वाढणारा विचारायला लागला की खुर्ची बदलून देऊ का. ती म्हणाली, खुर्ची राहू द्या, तो दिवा बंद करा, माझे पाय आपोआप वर जायला बघतायत. तो भला माणूस धावत जाऊन खरंच दिवा बंद करून आला, आणि आजूबाजूच्या सगळ्या पाहुण्यांनी अंधारात ब्रेड खाल्ला.

माझी फजिती पहिल्या मजल्यावर झाली. तिथे बोळाच्या तोंडाशी एक दार आहे, आणि दारावर ती जुनी पाटी काचेच्या चौकटीत बसवून लावली आहे : 'पुरुषांनी यापुढे येऊ नये.' शोभेसाठी हं. आमची खोली बोळात पुढे होती. पण भिंगरी, मी त्या दाराशी आलो आणि थांबलो. बॅग हातात घेऊन, पाय जुळवून, शहाण्या मुलासारखा. सामान घेऊन येणारा माणूस माझ्यामागे थांबला, त्याच्यामागे एक कुटुंब थांबलं, त्यांच्यामागे चादरींची ढकलगाडी थांबली. आई केव्हाच आत निघून गेली होती. 'साहेब, ती नुसती सजावट आहे,' असं सामानवाला म्हणाला तेव्हा मी चष्मा पुसायचं निमित्त केलं आणि आत गेलो.

आता तू म्हणशील, बाबा, मुद्द्यावर या. येतो. पाणी पिऊन आलोच.

आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जरा पडलो होतो. जागा झालो तर आई खोलीत नाही. एका डोळ्याची बाई, नवखी जागा, मी पायात मिळेल ते घालून निघालो (हॉटेलच्या त्या कागदासारख्या सपाता, दोन्ही एकाच पायाच्या असतात). ती बोळाच्या टोकाला एका बंद दारासमोर उभी होती. आतून एका पुरुषाचा आवाज येत होता, 'बंधुभगिनींनो, हिरड्यांकडे आपलं दुर्लक्ष होतं आहे.' मी खुणेने म्हटलं, चल. तिने माझ्याकडे न बघता दार वाजवलं.

दार उघडलं ते एका अवाढव्य गृहस्थांनी. ते दातांचे डॉक्टर, कसल्याशा संमेलनासाठी आले होते आणि आरशासमोर भाषणाची तालीम करत होते. बोलताना ते डोळ्यांत न बघता तुमच्या दातांकडे बघतात. आईने त्यांना सांगितलं की तुमच्या खिडकीतून एकदा बाहेर बघायचं आहे. दुसरा कोणी असता तर त्याने स्वागतकक्षाला फोन केला असता. हे बाजूला झाले आणि खुर्चीवरचे ओले मोजे झटकन उचलून त्यांनी खिशात घातले.

आई खिडकीशी गेली. बाहेर काही फार बघण्यासारखं नव्हतं. शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी, बस्स. आई म्हणाली, टाकी तीच आहे, रंग बदललाय. मग पलंगाच्या कडेला बसली आणि त्या परक्या माणसाला, माझ्याकडे एकदाही न बघता, म्हणाली, "इथे माझा मुलगा झाला होता. पहाटे झाला. दुपारपर्यंत होता."

भिंगरी, तुला एक भाऊ होता. तुझ्या आधीचा. त्याला श्वास पुरत नव्हता. नर्सने त्याला कपड्यात गुंडाळून त्या पाटीच्या दारापर्यंत आणलं, कारण मला पुढे यायची मनाई होती. मी त्याला दारात पाहिलं. कान तुझ्यासारखेच होते, जरा बाहेर आलेले. मग ती त्याला परत आत घेऊन गेली.

घरी आल्यावर सगळ्यांनी आईला सांगितलं, विसर, दुसरं होईल. थोरल्यांनी सांगितलं, शेजारणींनी सांगितलं. तिने ते इतकं मनावर घेतलं की त्याचा विषय घरात कधी निघालाच नाही. तू झालीस तेव्हा दुसरी जागा रिकामी नव्हती म्हणून तिला तोच खिडकीजवळचा पलंग दिला. ती तुला जोखायलासुद्धा सोडेना. नर्सने शेवटी तराजूच पलंगापाशी आणला आणि आईने झोळीत एक हात तसाच ठेवला, त्यामुळे तुझं वजन नक्की किती होतं ते आजतागायत कोणाला ठाऊक नाही.

त्या डॉक्टरांनी हिरड्यांचे कागद खाली ठेवले. 'वाईट झालं' नाही की 'देवाची मर्जी' नाही. खोलीतल्या किटलीत चहा केला (साखरेशिवाय, धंद्याला जागून) आणि आईच्या हातात कप देताना विचारलं, "नाव ठेवलं होतं का त्याचं?"

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. मीही नाही. आम्ही नाव ठेवलंच नव्हतं, वेळच कुठे होता, असं मी सांगणार तोवर आई म्हणाली, "हो." आणि तिने नाव सांगितलं. मनातल्या मनात ठेवलेलं, इतकी वर्षं सांभाळलेलं. एवढा संसार केला आम्ही, आणि माझ्या मुलाचं नाव मला एका दंतवैद्याच्या खोलीत, फिका चहा पिताना कळलं. ते डॉक्टर तर चक्क रडायला लागले. एवढा आडवा माणूस, पण हुंदके आवरेनात. शेवटी आईने त्यांना टॉवेल दिला. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे, तिने तुला सांगायचं.

खोलीत परत येताना ती म्हणाली, "आपण पोरीला फोनवर 'होईल सगळं नीट' म्हणत बसलो. मला तसं म्हणणाऱ्यांचा किती राग यायचा." मी म्हटलं, मग काय म्हणायचं? तिने विचार केला आणि म्हणाली, ते मला फोनवर जमायचं नाही, तुम्ही लिहा. म्हणून हे पत्र. तुझं बाळ गेलं, भिंगरी. आम्हाला फार वाईट वाटतं. तू त्याच्याबद्दल बोललीस तर आम्ही विषय बदलणार नाही.

डोळ्याच्या डॉक्टरांनी आज सकाळी पट्टी काढली. आईला आता लांबचं स्वच्छ दिसतं. तिने पहिल्याप्रथम माझ्या सदऱ्यावरचा डाग पाहिला.

जावईबापूंना आशीर्वाद. त्यांनी निवडलेलं हॉटेल उत्तम होतं. त्यांना ठाऊक नव्हतं, तेच बरं झालं.

तुझा,
बाबा

ता. क. आईच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब घालायचे असतात. ते मला अजिबात जमत नाही. आज दुपारी एक थेंब कानात गेला आणि एक माझ्या चहात. तेव्हा थेंब घालायला ती तुझ्याकडे येते आहे, चांगली महिनाभर. डॉक्टरांची प्रवासाला परवानगी आहे. तिकीट काढून झालंय, त्यामुळे नको म्हणून उपयोग नाही. तिची काळजी तुला घ्यावी लागेल, नाइलाज आहे.

ता. क. २ (हे मी लिहिते आहे, आई.) पत्र पाकिटात घालण्याआधी वाचलं. थेंब मी माझे मला घालू शकते, तुझ्या बाबांनी एकदाही प्रयत्न केलेला नाही. आणि त्या खोलीत डॉक्टर रडले नाहीत. ते चहा करत होते. टॉवेल कोणाला द्यावा लागला ते तू ओळखशील. मी रविवारी येते. घर आवरू नकोस. रडायला माझी वाट बघत थांबू नकोस, पण थोडं माझ्यासाठीही राखून ठेव.