खडूची टेकडी

२७ जानेवारी १९५३
अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांचा उजवा हात अजून उचलत नाही. बोलणं मात्र परत आलं, आणि ते सगळं एका टेकडीचं! शाळेचं नाही, घरचं नाही. तरुणपणी विलायतेत शिकताना पाहिलेली हॅरोबरीची टेकडी. डॉक्टर म्हणाले, "बोलू द्या. तेवढाच धागा आहे."
मी लिहून घेते. ह्यांच्या शाळेतल्या मुलांसाठी भूगोलाचं पुस्तक होईल, असं मनाला सांगते.

२९ जानेवारी
टेकडी आतून पांढरी. अख्खी खडूची. वर गवताचा पातळ थर. पाऊस माथ्यावर ठरत नाही, आत मुरतो आणि पायथ्याच्या गावात झरा होऊन निघतो. माथ्यावर वाटोळा खंदक — फार जुन्या लोकांचा मातीचा गड. पुढच्या काळी समुद्रात शत्रूची गलबतं दिसली की तिथं जाळ करायचे. तो बघून पलीकडच्या टेकडीवर दुसरा. आता मेंढरं चरतात.
"दगड एकही नाही? आपला पन्हाळा हसेल," मी म्हटलं. हे हसले नाहीत. डाव्या बोटानं चादरीवर खंदक काढत राहिले.

३१ जानेवारी
आज मध्येच म्हणाले, "ती पुढं चढत होती. मागं बघत नव्हती."
कोण ती?
"वारा फार होता. मी मागून."
भात भरवला.

२ फेब्रुवारी
पुन्हा ती. खंदकाशी बसली. पायात काटा मोडलेला. ह्यांनी काढला.
इतक्या वर्षांत मला एका शब्दानं बोलले नाहीत. लिहून घेणं बंद.

५ फेब्रुवारी
टेकडीचं विचारलं नाही. तेही गप्प.

७ फेब्रुवारी
आज स्वतःहून म्हणाले, "तिच्या चपला मी हातात धरल्या होत्या."
मला राहवेना. स्वयंपाकघरात आक्कांना, माझ्या नणंदेला, सगळं सांगून रडले. त्यांनी लाटणं खाली ठेवलं.
"मडमा चपला घालत्यात व्हय गं? आन् अनवाणी डोंगर चढत्यात? शालू, तू जोतिबाचे खेटे घातलेस तवा मागनं चपला घेऊन कोण आलतं?"
लग्नाचं दुसरं वर्ष. मूल व्हावं म्हणून माघातल्या रविवारी अनवाणी जोतिबाच्या डोंगराला चालत जात होते. "भूगोलाच्या मास्तराची बायको ही," म्हणून ह्यांनी थट्टा केली, आणि गुपचूप मागून आले. मी रागानं वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.
वर टेकल्यावर ह्यांनी माझ्या पायातला काटा काढला, तो मी विसरले होते. हे विसरले नव्हते. ह्यांच्या डोक्यात दोन डोंगर एक झालेत, आणि मी तिथं विलायतेच्या वाऱ्यात अनवाणी चढतेय. आज मी पोटभर जेवले.

८ फेब्रुवारी, रविवार
सकाळी जवळ बसून मुद्दाम विचारलं, "त्या बाईचं पुढं काय झालं?"
"बायको माझी ती," हे म्हणाले. "डोंगराला गेलीय. येईल इतक्यात. तुम्ही बसा."