यंदा भेटवस्तू नाहीत

३ डिसेंबर
चर्चमध्ये उपासनेनंतर सगळ्या मंडळीसमोर जाहीर केलं: नाताळ म्हणजे खरेदी नव्हे. यंदा आमच्या घरात कुणी कुणाला भेटवस्तू देणार नाही. द्यायचंच तर गरजूला. पाळकसाहेब खूश. बायको म्हणाली, आणि दुकानाचं काय? मी गिफ्ट सेक्शनचा सुपरवायझर, हे खरं. 'भेट नाही तर प्रेम नाही' हा बॅनरही माझाच. पण तो ड्यूटीवर असताना लिहिलाय.

५ डिसेंबर
लेकीने स्केट्स मागितले. शांतपणे तत्त्व समजावलं. तेव्हापासून गप्प आहे. विचार करत असावी.

१० डिसेंबर
पाचवा दिवस. मीठ हवं असलं तरी म्हणते, मम्मी, त्यांना सांग इकडे सरकवायला. त्यांना! वय वर्षं दहा. बायको म्हणते, पोरगी हातची घालवाल. मी अजिबात घाबरलेलो नाही. जेवण जात नाही, एवढंच.

१४ डिसेंबर, सकाळी
लेकीच्या खोलीच्या दाराच्या फटीतून दिसलं: तपकिरी लोकर, सुया. मफलर! मला बघताच उशीखाली खुपसला. तपकिरी माझा आवडता रंग. म्हणजे राग गेला. हाताने विणलेलं भेटवस्तूत धरत नाहीत. शिवाय नाही म्हटलं तर पोर दुखावेल.

१८ डिसेंबर
स्केट्स घेतले. द्यायला नाहीत. स्टाफ डिस्काउंट वाया जात होता. कपाटात ठेवले, वर बायबल.

२३ डिसेंबर
घसा धरलाय. जुना मफलर मुद्दाम काढला नाही. आरशासमोर चकित व्हायची प्रॅक्टिस केली. बायकोने पाहिलं. हळूच दार लोटून गेली. हसली असती तर बरं झालं असतं.

२५ डिसेंबर
चर्चमध्ये कॉलर उघडी ठेवून पहिल्या बाकावर बसलो. लेक पिशवी घेऊन उठली. माझ्यासमोरून सरळ दाराकडे. तिथे चर्चचे वॉचमनकाका कुडकुडत उभे. त्यांच्या गळ्यात मफलर घातला. पाळकसाहेब म्हणाले, ही वडिलांची शिकवण. टाळ्या. मला उभं राहावं लागलं.
घरी येताना वीस दिवसांनी पहिल्यांदा बोलली. पप्पा, तुमच्यासाठीच विणला होता, पण तुमचा शब्द मोडला असता. बरोबर केलं ना? हो म्हटलं. कॉलरचं बटण लावलं. घसा.

संध्याकाळी
लेक कपाटात बायबल शोधायला गेली. स्केट्स सापडले. गरजू मुलीसाठी आहेत, म्हणालो. तिचे डोळे चमकले. म्हणाली, आपण दोघं शोधू. देण्याआधी एकदा फक्त घालून पाहिले. बरोब्बर बसले. चाकं एकदा हाताने फिरवली. मग स्वतःच पट्टे सोडले आणि बॉक्स बंद केला.