फ्रिजमधला गॅस

मंगळवार, संध्याकाळ

भाऊजींचं तोंडही बघायची इच्छा नाही.

जुना फ्रिज सातिवलीच्या रिसायकलिंगवाल्यांना द्यायचं ठरलं होतं. ते आधी वातावरण तापवणारा आतला गॅस नीट काढून घेतात, मगच फ्रिज खोलतात. त्यांची गाडी उद्या येणार होती. भाऊजींना हे मी दोनदा सांगितलं होतं. तरी मी ऑफिसात असताना त्यांनी तो भंगारवाल्याला देऊन टाकला!

घरी येते तर बिल्डिंगमागे भंगारवाला कॉम्प्रेसरची नळी तोडतोय. फुस्स! मी ओरडेपर्यंत सगळा गॅस हवेत. तो फुस्स अजून कानातून जात नाही.

भाऊजी गॅलरीतून म्हणतात, "वहिनी, एवढ्याशा गॅसने काय आभाळ फाटणार आहे?"

"खाली या आणि फ्रिज वर न्या. उद्या तो गाडीतच जाईल."

लिफ्ट वापरू दिली नाही. एका बाजूने भंगारवाला, दुसऱ्या बाजूने भाऊजी, तीन जिने. घामाघूम होऊन विचारतात, "आता खूश?"

कसली खूश? गेलेला गॅस परत येतोय का? की राग माझाच येतोय, सुट्टी घेतली नाही म्हणून? छे, त्यांचाच. हॉलमध्ये बसून नव्या फ्रिजमधलं गार पाणी पितायत, तेही माझ्याकडूनच मागून.