नजर हटली म्हणून नापास

किसी शहर, रविवार

आदरणीय ओंगेरीमामांना भाची बोसिबोरीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक (नोकरी गेलेली माणसं जेवढी ठीक असतात, तेवढे).

आमचा दवाखाना बंद पडून चार महिने झाले. अकरा वर्षं रिसेप्शनवर बसून मी रडणारे, ओरडणारे, भेलकांडणारे सगळे सांभाळले. आता नव्या इस्पितळात अर्ज केला, तर म्हणे आधी ऑनलाइन परीक्षा. माणसानं माणसाला भेटायचं ते संगणकानं पास केल्यावर. ती स्वतःच्याच घरातून द्यायची, चाळीस मिनिटं कॅमेरा चालू आणि नजर पडद्यावरून हलवायची नाही. मी लॅपटॉप मागून आणला, कोंबड्या हाकलल्या, दाराला कडी घातली. अठरावा प्रश्न आला: घाबरलेली आई मूल घेऊन आली तर आधी काय कराल? (चार उत्तरांत मुलाला हात लावायचं एकही नव्हतं.) तेवढ्यात दारावर धाडधाड! शेजारची क्वाम्बोका.

"उघड गं बाई! माझ्या केरुबोच्या हातावर उकळता चहा सांडलाय!"

मी उठले. मागे पडद्यावर लाल अक्षरं नाचत होती, नाचू दे म्हटलं. पोरीचा हात गार पाण्यात धरला, तिच्या आईला दरडावलं, "तू रडू नकोस, तुझं बघून ती जास्त रडते," आणि मोटरसायकलवाला गाठून तिघी निघालो. वाटेतच फोनवर निकाल आला: नापास. कारण, 'तणावाखाली एकाग्रता कमी'. मामा, आधी मी हसले, मग थोडी रडलेसुद्धा.

जवळचं इस्पितळ म्हणजे तेच, मी अर्ज केलेलं. रिसेप्शनवर एकटी मुलगी आणि तिच्या अंगावर तीस माणसं. पोरीला आत पोचवलं आणि मला राहवेना. म्हाताऱ्यांना बाकावर बसवलं, दिवस भरलेल्या बाईला पुढे काढलं, बाकीच्यांची रांग लावली. मेट्रनबाई बाहेर आल्या.

"तुम्ही कोण?"

"तुमच्या संगणकानं आत्ताच नापास केलेली."

त्या हसल्या नाहीत. नाव लिहून घेतलं. म्हणाल्या, "नियम माझ्या हातात नाही. पण परीक्षा पुन्हा घ्यायला लावते." केरुबोचा हात सुधारतोय. माझी परीक्षा गुरुवारी.

तुमची,
बोसिबोरी

ता. क. पत्राचं खरं कारण: गुरुवारी तुमची मागची खोली द्याल का? तिथे वीज जात नाही आणि शेजारही लांब आहे.

आणखी ता. क. परीक्षेत विचारतात, 'मी कधीही खोटं बोलत नाही, सहमत?' मी ठासून 'पूर्ण सहमत' म्हणते. तेव्हा कॅमेऱ्यात चुकून दिसलातच, तर घर माझं आहे आणि तुम्ही भाडेकरू.